नेलीला कुणी विचारलं का?

एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीवर चार वाचक बोलायला बसले की लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या मते हीथक्लिफ राक्षस आहे. दुसऱ्याच्या मते त्याला राक्षस केलं गेलं. मग कॅथरिनचा नंबर लागतो. तिला एडगरचं घराणंही हवं आणि हीथक्लिफही सुटायला नको, मग दुसरं काय होणार! एडगर मवाळ, हिंडली दारुडा, जोसेफ देवाचं नाव घेत सगळ्यांना शापणारा. एकेकाची झडती होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध बसून ऐकणारी, निरोप पोचवणारी, मनात आलं तर न पोचवणारी, घरातली नोकर नेली डीन मात्र दर वेळी सहीसलामत सुटते.

आमच्या वाचनगटात हेच चाललं होतं, तेव्हा मी विचारलं, “पण नेलीचं काय?” गटात एक काका आहेत, वाचन दांडगं, मतं त्याहून दांडगी. ते म्हणाले, “तिचं काय असणार? ती तर नुसती सांगते.”

नुसती सांगते! हे मला पटणं शक्यच नव्हतं, आणि त्याला कारण माझं काम. मी दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करते. डोळ्यांनी वाचताना माणूस वाक्यांवरून घसरत पुढे जातो, आणि त्यात काही बिघडत नाही. माइकसमोर तसं चालत नाही. तिथे प्रत्येक वाक्याला मालक लागतो. हे कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, घडल्यानंतर किती वर्षांनी बोलतंय आणि बोलताना काय गिळतंय, हे ठरल्याशिवाय तोंडच उघडत नाही. नेलीसाठी मायाळू, पोक्त असा आवाज लावायचा मोह होतो. जुन्या घरातली विश्वासाची बाई, शेगडीपाशी शिवण घेऊन बसली आहे आणि आजारी भाडेकरूला गोष्ट सांगते आहे. (शिवणाचं मी पदरचं घालत नाहीये, गोष्ट सुरू करण्याआधी ती खरंच शिवण आणायला उठते.) तो मायाळू आवाज आठव्या प्रकरणापर्यंत टिकतो. नवव्यात टिकत नाही.

नववं प्रकरण म्हणजे ते प्रसिद्ध प्रकरण. मीच हीथक्लिफ आहे, असं कॅथरिन ज्यात म्हणते ते. वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते ज्या खोलीत बोललं जातं ती खोली फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. रात्रीची वेळ. नेली हिंडलीच्या लहानग्या हॅरटनला मांडीवर घेऊन गुणगुणत झोपवते आहे. कॅथरिन दारातून डोकावते आणि विचारते, नेली, तू एकटीच आहेस का? नेली हो म्हणते. उंच पाठीच्या बाकाच्या पलीकडे, शेकोटीपासून दूर, भिंतीलगत हीथक्लिफ पडला आहे. तो गोठ्याकडे गेला अशी नेलीची समजूत आहे, निदान आपल्याला ती तसं सांगते. कॅथरिन जमिनीवर बसते. एडगरने लग्नाचं विचारलं, मी हो म्हटलं, सांग, बरोबर केलं ना? नेली तिची उलटतपासणी घेते: का आवडतो, कशासाठी आवडतो. बोलता बोलता कॅथरिन म्हणून जाते की आता हीथक्लिफशी लग्न केलं तर मी खाली घसरेन. आणि नेलीला हालचाल जाणवते. ती मान वळवते. हीथक्लिफ उठून पाय न वाजवता बाहेर पडलेला तिला दिसतो. बाकाच्या पाठीमुळे कॅथरिनला तो आलेलाही कळलेला नाही आणि गेलेलाही.

आता या क्षणी नेली काय करते? ती दचकते, कॅथरिनला गप्प राहायला सांगते. कॅथरिन विचारते, का? आणि नेली म्हणते, जोसेफ येतोय. बाहेर गाडीच्या चाकांचा आवाज नेमका तेव्हाच येतो, तो तिला आयता सापडतो. वर पुस्ती जोडते की हीथक्लिफही त्याच्याबरोबर येईल. म्हणजे आत्ताच दारातून गेलेला माणूस अजून यायचा आहे, असं ती शांतपणे सांगते. यानंतर कॅथरिन जिवाच्या आकांताने ते सगळं बोलते, मीच तो आहे, वगैरे. ऐकायला हवा होता तो माणूस केव्हाच अंधारात गेलेला. त्याने खूपसं ऐकलं, हे नेली नंतर कॅथरिनच्या कानात सांगते, पण तोवर उशीर झालेला असतो. वादळ येतं, कॅथरिन भिजत बाहेर उभी राहते, आजारी पडते. हीथक्लिफ तीन वर्षं परत येत नाही.

हे वाचताना माझा आवाज कुठे अडतो, माहीत आहे? “जोसेफ येतोय” यावर. दोन शब्द आहेत. ते घाबरून म्हटले की सवयीने? की हा मुलगा या घरातून गेलेलाच बरा, अशा हिशेबाने? पुस्तक उत्तर देत नाही, कारण हे सगळं आपल्याला नेलीच सांगते आहे आणि स्वतःच्या बाबतीत ती घाईत असते. पुढे बाराव्या प्रकरणात कॅथरिन तीन दिवस स्वतःला कोंडून अन्नपाणी सोडते. खालच्या मजल्यावर तिचा नवरा पुस्तकांत डोकं घालून बसला आहे, आणि नेली त्याला काही सांगत नाही. कॅथरिन विचारते, तो काय करतोय? नेली म्हणते, वाचतोय. मग आपल्याकडे वळून खुलासा करते की तिची खरी अवस्था ठाऊक असती तर मी असं बोलले नसते, पण ती थोडं सोंग करतेय असं मला वाटत होतं. या स्त्रीला ‘नुसती सांगणारी’ म्हणायचं? 1958 साली जेम्स हॅफ्ली नावाच्या अभ्यासकाने एका निबंधात तर थेट नेलीलाच या कादंबरीची खलनायिका ठरवलं. मी इतकी टोकाला जाणार नाही. पण कट्ट्यावर तिचं नाव घ्यायला हरकत नसावी.

शिवाय नेलीच्या वर आणखी एक चाळणी आहे, ती म्हणजे गोष्ट ऐकणारा तो आजारी भाडेकरू, लॉकवूड. पुस्तक त्याच्या रोजनिशीसारखं 1801 या आकड्याने सुरू होतं. पंधराव्या प्रकरणाच्या तोंडाशी तो सहज सांगून टाकतो की यापुढची गोष्ट मी नेलीच्याच शब्दांत देतो, फक्त जराशी आखडून. जराशी! म्हणजे कॅथरिनच्या मरणाचा भाग आपल्याला मिळतो तो नेलीने गाळून आणि लॉकवूडने आखडून. आणि हा लॉकवूड कोण, तर स्वप्नात खिडकीबाहेरून पोरीचा गार हात आपल्या हाताला धरून बसला म्हणून ते मनगट फुटक्या काचेवर घासणारा सभ्य गृहस्थ. एमिली ब्राँटेने 1847 साली, एलिस बेल या टोपणनावाआड, हे दोन असे सांगणारे निवडले आहेत. ते सजावटीसाठी नक्कीच नव्हेत.

चित्रपटांनी यांचं काय केलं? विल्यम वायलरचा 1939 चा चित्रपट घ्या, लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मर्ल ओबेरॉनचा. त्यात कॅथरिन मेली की गोष्ट संपते. कादंबरीत ती सोळाव्या प्रकरणात मरते आणि एकूण प्रकरणं चौतीस आहेत. म्हणजे अर्ध्याहून जास्त पुस्तक गेलं. यावर तक्रार करणारे वाचक पुष्कळ भेटतात आणि त्यांची तक्रार रास्तच आहे. कॅथरिनची मुलगी धाकटी कॅथी, हॅरटन, हीथक्लिफचा तो किरकिरा मुलगा लिंटन, कुणीच नाही. सूड दुसऱ्या पिढीपर्यंत कसा मुरतो आणि तिथे कसा नासतो, हे नाही. कॅथी हॅरटनला अक्षरं शिकवते, एकेका शब्दाच्या उच्चारावरून त्याला छेडते, तो सुंदर प्रसंग नाही. (वाचून दाखवण्यावर पोट असलेल्या माझ्यासारखीला तो प्रसंग जाणं म्हणजे घरचाच माणूस जाणं.) वर शेवटी दोन भुतं हातात हात घालून बर्फातून चालत जातात. ते दृश्य वायलरला नको होतं. निर्माता सॅम्युएल गोल्डविनने ते जोडायला लावलं. आपल्याकडे 1966 चा ‘दिल दिया दर्द लिया’ याच कादंबरीवरून आला, दिलीपकुमार, वहिदा आणि प्राण. तिथेही पुढच्या पिढीचा पत्ता नाही.

पण माझी तक्रार निराळी आहे. 1939 च्या त्या चित्रपटात नेली आहे की! फ्लोरा रॉब्सन तिचं काम करते, लॉकवूडला गोष्टही तीच सांगते. चौकट शाबूत आहे. तरी ती हरवतेच. तिने तोंड उघडलं, चित्र विरघळलं आणि भूतकाळ पडद्यावर दिसू लागला की तिचं काम संपतं. आता कॅमेरा दाखवतो तेच खरं. “नेली असं म्हणते” याचं “असं झालं” होऊन जातं. पुस्तकात प्रत्येक ओळीला तिच्या शिवणाची सुई लागलेली आहे, हा भाव पडद्यावर शिल्लकच राहत नाही. 1992 च्या चित्रपटाने दुसरी पिढी परत आणली, ज्युलिएट बिनोशने आई आणि मुलगी दोन्ही केल्या. आणि गोष्ट कुणी सांगायची? तर स्वतः एमिली ब्राँटेने! सिनेड ओकॉनरला एमिली करून माळरानावर उभं केलं. म्हणजे संशयित साक्षीदाराच्या जागी खुद्द लेखिका. लेखिकेवर कोण संशय घेणार?

चित्रपट पात्रं गाळतात, शेवट बदलतात, प्रसंग घुसडतात, आणि आपण वाचक त्यावर तावातावाने बोलतो. पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात मुकाट्याने जातो तो गोष्ट सांगणारा, आणि तो हरवल्याची तक्रार कुणी नोंदवत नाही.

यात चित्रपटवाल्यांचा अडाणीपणा नाही, हेही सांगायला हवं. कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. कादंबरीत ‘मी’ म्हणणारं माणूस आपल्याला सगळ्यात कमी दिसतं. पडद्यावर तेच माणूस प्रत्येक चौकटीत उभं असतं. ‘बनगरवाडी’त मास्तर बोलतो तेव्हा आपण त्याच्याकडे पाहत नाही, तो पाहतो तिकडे पाहतो, कारभाऱ्याकडे, मेंढरांकडे, रिकाम्या शाळेकडे. अमोल पालेकरांनी 1995 साली चित्रपट केला तेव्हा मास्तरला चेहरा द्यावाच लागला, आणि चेहरा आला की तो आणखी एक पात्र झाला. याला इलाज म्हणून 1947 साली रॉबर्ट माँटगोमरीने ‘लेडी इन द लेक’मध्ये कॅमेऱ्यालाच नायक केलं होतं. गुप्तहेर मार्लो जवळजवळ पूर्ण चित्रपटभर दिसत नाही. दिसला तर आरशात, नाहीतर मधूनमधून टेबलाशी बसून आपल्याशी बोलताना. पात्रं थेट भिंगाकडे बघून बोलतात, ठोसा भिंगावर येतो. कल्पना भन्नाट, पण बघवत नाही. डोळे उसने घेतले म्हणून मन उसनं मिळत नाही. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरावर कुणी असा कॅमेरा लावला तर काय दिसेल, याचा मी कधीमधी विचार करते. खोल्या, मेस, टेकड्या, मुलं. पांडुरंग सोडून सगळं.

सांगणारा गेल्याने नेमकं काय जातं, हे मला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ‘रिबेका’त. डॅफ्ने द्यू मॉरिएची ही कादंबरी 1938 ची, हिचकॉकचा चित्रपट 1940 चा. त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. निर्माता डेव्हिड सेल्झनिक पुस्तकाशी प्रामाणिक राहण्यासाठी हट्ट धरून बसला होता. मग झालं काय?

गोष्ट सांगणारी ती मॅक्सिमची बिननावाची दुसरी बायको; रिबेका ही त्याची मेलेली पहिली. पुस्तकभर तिचं नाव कळत नाही. सुरुवातीचं मँडर्लीचं, म्हणजे मॅक्सिमच्या वाड्याचं, स्वप्न चित्रपटात आहे, जोन फाँटेनच्या आवाजात, आणि ते अप्रतिम आहे. पण पुस्तकात स्वप्नानंतर आणखी काही येतं. सगळं घडून गेल्यावर ही दोघं नवरा-बायको परदेशात, लहानशा हॉटेलांमधून, ओळख टाळत राहताहेत. ती त्याला इंग्रजी वर्तमानपत्रं आणि मासिकं मोठ्याने वाचून दाखवते. एकदा रानपारव्यांवरचा लेख वाचता वाचता तिला मँडर्लीचं रान आठवतं, आणि तिच्या ध्यानात येतं की असलं काही याला वाचून दाखवायचं नाही. क्रिकेट वाचायचं, राजकारण वाचायचं, दुखणारं आपल्याजवळ ठेवायचं. मी हे पहिल्यांदा माइकसमोर वाचलं तेव्हा थांबून पाणी प्यायले. आपली निवेदिका धंद्याने माझ्यासारखीच निघाली, वाचून दाखवणारी, आणि काय वाचायचं नाही ते ठरवणारी! मग ही बाई आपल्यालाही रिबेकाची गोष्ट सांगताना काय काय वगळत असेल? सगळी कादंबरी या शंकेखाली वाचायची आहे. चित्रपटात हा भाग नाही. स्वप्न संपतं आणि आपण सरळ समुद्राकाठच्या कड्यावर पोचतो, जिथे मॅक्सिम खाली बघत उभा आहे.

दुसरी गोष्ट खुनाची. (पुस्तक वाचलेलं नसेल तर हा परिच्छेद ओलांडून जा, पण पुस्तक निघून ऐंशीहून जास्त वर्षं झाली, कुठवर गुपित पाळायचं.) कादंबरीत मॅक्सिम रिबेकाला गोळी घालून मारतो. तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमावलीप्रमाणे खुनी शिक्षेशिवाय सुटलेला दाखवता येत नसे. म्हणून चित्रपटात रिबेका पडते, डोक्याला लागतं, मरते. अपघात. हा बदल सगळ्यांना माहीत असतो आणि बहुतेक जण म्हणतात, मॅक्सिम त्यामुळे गुळमुळीत झाला. माझ्या मते नुकसान मॅक्सिमचं नाहीच, नुकसान तिचं आहे. पुस्तकात नवरा तिच्यासमोर खून कबूल करतो आणि ती, ही बावरलेली, नखं कुरतडणारी मुलगी, मनात काय म्हणते? याचं रिबेकावर प्रेम नव्हतंच! तिच्या छातीवरचं ओझं उतरतं. एक बाई मेली, नवऱ्याने मारली, आणि ही हलकी होते. त्या क्षणापासून ती मोठी होते, ठाम होते, नोकरांशी नीट आवाजात बोलू लागते. वाचताना आपणही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो आणि मग भानावर येतो की आपण आत्ता कशाबद्दल खूश झालो! हा सापळा फक्त ‘मी’ रचू शकतो. अपघात म्हटल्यावर ती निव्वळ साथ देणारी गुणी बायको उरते आणि प्रेक्षक हात झटकून मोकळा.

गटात मी हे बोलले तेव्हा माझी भाची, जिने दोन दिवसांपूर्वीच चित्रपट पाहिला होता, म्हणाली, “मावशी, पण डॅनव्हर्सबाईपुढे कोण बघतंय तिच्याकडे?” खरं आहे. ज्युडिथ अँडरसनची मिसेस डॅनव्हर्स, मँडर्लीची ती कारभारीण, एकदा पाहिली की पुस्तकातली आठवतच नाही. आणि ‘रिबेका’वरूनच आलेल्या 1964 च्या ‘कोहरा’त ते काम ललिता पवारांकडे होतं, हे सांगितल्यावर चर्चा जी तिकडे वाहत गेली ती परत आली नाही. ललिताबाईंपुढे निवेदनतंत्राचा निभाव लागत नाही.

‘फ्रँकन्स्टाइन’बद्दल थोडक्यात. मेरी शेलीच्या 1818 च्या कादंबरीत एकात एक असे तीन आवाज आहेत: उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, पत्रांत व्हिक्टरची कहाणी, कहाणीच्या पोटात त्याने घडवलेल्या त्या प्राण्याची कहाणी, त्याच्याच तोंडून. तो दे लेसी कुटुंबाच्या भिंतीआड लपून भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो, आणि आपल्या निर्मात्याशी वकिलासारखा युक्तिवाद करतो. 1931 च्या चित्रपटात बोरिस कार्लॉफ गुरगुरतो. चेहरा अजरामर झाला आणि जीभ गेली. पुस्तकात ज्याचं बोलणं ऐकूनच तो आपल्याला माणूस वाटतो, त्याचंच बोलणं काढून घेतल्यावर लोकांनी निर्मात्याचं नाव त्याला चिकटवलं यात नवल काय.

काकांनी मध्येच ‘देवदास’ काढला. त्यांचा मुद्दा असा की तिथे कुणी ‘मी’ नाही, सरळ त्रयस्थ लेखक सांगतो, मग तिथे काय हरवणार? मला हा मुद्दा आवडला, कारण तिथे हरवतं ते सगळ्यात करुण आहे. 2002 च्या चित्रपटात पारो जिने उतरत धावत सुटते, पदर लांबच लांब, फाटक बंद होतं, आणि देवदास तिकडे बघत बघत प्राण सोडतो. पुस्तकात शेवट असा नाही. रात्रभर तो तिच्या दाराशी झाडाखाली पडलेला असतो आणि मरतो. प्रेताला गावातलं कुणी शिवत नाही, त्याला अर्धवट जाळून टाकून दिलं जातं, आणि मेला तो कोण हे पार्वतीला नंतर कळतं. यानंतर शरदबाबू स्वतः पुढे येतात. आतापर्यंत आड राहिलेला सांगणारा थेट आपल्याशी बोलतो: पार्वतीचं पुढे काय झालं ठाऊक नाही, विचारावंसंही वाटत नाही; फक्त देवदासबद्दल वाईट वाटतं. असा कुणी अभागी तुम्हाला भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा. मरण सगळ्यांनाच आहे, पण त्या वेळी कपाळावर मायेचा एखादा हात तरी असावा. 1917 मध्ये छापलेल्या त्या पुस्तकातला हा सूर लाजल्यासारखा आहे, जणू लेखकाला आपल्या नायकाची बाजू घ्यायचीही चोरी आहे. चित्रपटात त्या जागी शंख, ढोल, किंकाळी. पारो आणि चंद्रमुखीला एकत्र नाचवलं म्हणून आपण इतकी वर्षं हसतो (पुस्तकात त्या कधी भेटतच नाहीत), पण खरी चोरी शेवटच्या पानावर झाली आहे.

‘गाइड’मध्येही असंच. नारायण यांच्या कादंबरीत राजू आपली सगळी कर्मकहाणी, रोझी, खोटी सही, तुरुंग, वेलन नावाच्या भोळ्या गावकऱ्याला एका बैठकीत रात्रभर सांगतो, या आशेने की हे ऐकून तरी हा मला साधू मानायचं सोडेल. वेलन सगळं ऐकतो आणि म्हणतो, स्वामी, हे तुम्ही मला का सांगता आहात ते कळलं नाही. कबुली दिली, पण ज्याला दिली त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही! मी हे वाचून मोठ्याने हसले आहे आणि नंतर बराच वेळ गप्प बसले आहे. शेवटी राजू नदीच्या उथळ पाण्यात उभा राहून म्हणतो, डोंगरात पाऊस पडतोय, पायांखाली जाणवतोय. आणि कोसळतो. पाऊस खरंच आला का, राजू खरंच मेला का, पुस्तक तिथेच थांबतं. 1965 च्या चित्रपटात पाऊस धो धो पडतो. देव आनंदचा चाहता असलेला माझा नवरा याबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही, त्यामुळे हा विषय घरात बंद आहे.

जेन ऑस्टेनची अडचण आणखी निराळी. तिच्या पुस्तकात सांगणारी बाई खोलीत कुठेच नसते पण हसतेय हे ऐकू येत असतं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं ते श्रीमंत अविवाहित पुरुषाबद्दलचं पहिलं वाक्य 1995 च्या बीबीसी मालिकेत एलिझाबेथच्या तोंडी घातलं आहे. चलाखी झकास आहे. फक्त त्यामुळे एलिझाबेथ आणि निवेदिका एकच होऊन बसल्या, आणि पुस्तकातली ती बाई तर एलिझाबेथलाही हसत असते, विकमच्या गोड बोलण्याला ती भुलते तेव्हा विशेषच. पण या मालिकेवर बोलायला गेलं की लोकांना तळ्यातून ओला निघालेला डार्सीच आठवतो, जो पुस्तकात तळ्याकडे फिरकतही नाही. त्यामुळे मी गप्प बसते.

मग सांगणाऱ्याला काढून कधीच काही भलं झालं नाही का? गटातल्या एका मैत्रिणीने मला इथे चांगलंच पकडलं. तिने ‘बॅरी लिंडन’चं उदाहरण दिलं. थॅकरेची ही कादंबरी 1844 साली मासिकातून क्रमशः आली. तिच्यात बॅरी स्वतःच आपल्या पराक्रमांच्या बढाया मारतो. बायकोला छळतो आणि आपण किती आदर्श पती आहोत ते सांगतो. वाचक ओळींमधून खरं काय ते काढतो. स्टॅन्ली कुब्रिकने 1975 मध्ये चित्रपट करताना ही बढाईखोर जीभ काढूनच टाकली आणि तिच्या जागी मायकेल हॉर्डर्नचा एक त्रयस्थ, थंड, सुसंस्कृत आवाज बसवला. हा आवाज पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतो. बॅरी निर्वंश, निष्कांचन, एकटा मरणार हे आपल्याला त्याच्या मुलाच्या अपघाताआधीच कळतं, आणि मग त्या पोराचा प्रत्येक हट्ट, घोड्यासाठीची प्रत्येक विनवणी पाहवत नाही. मैत्रिणीचं म्हणणं, हा मूळ पुस्तकापेक्षा सरस सांगणारा आहे. थॅकरेच्या बॅरीवर आपण हसतो. कुब्रिकच्या बॅरीची आपल्याला दया येते.

मी अर्धं मान्य केलं. कुब्रिकने निदान जागा रिकामी ठेवली नाही, एका आवाजाच्या बदल्यात दुसरा दिला, आणि विचार करून दिला. पण पुस्तकात तो पोरगा ब्रायन मरतो तेव्हा काय होतं, हे तिने पुन्हा वाचावं असं मी सुचवलं. पानोपानी थापा मारत आलेला माणूस तिथे पहिल्यांदा थापा मारायचा थांबतो. त्याचा आवाज बदलतो. हे कळण्यासाठी आधी त्याच्या थापा ऐकलेल्या असाव्या लागतात, त्याच्याच तोंडून, शेकडो पानं. हॉर्डर्नचा आवाज पहिल्यापासून खरंच बोलतो, त्याला खरं बोलायला लागण्याची सोयच नाही.

तिला हे पटलं नाही. तिच्या मते मी वाचून दाखवते म्हणून मला सगळीकडे आवाजच ऐकू येतात. काका म्हणाले, दोघींनी ते प्रकरण आणि तो प्रसंग आणा, शेजारी शेजारी ठेवू. पुढच्या वेळचं तेच ठरलं आहे. ब्रायनचं मरण पुस्तकातून मी वाचणार, पडद्यावरचं ती दाखवणार. नेलीवर मत द्यायचं मात्र काकांनी अजून टाळलं आहे; नववं प्रकरण पुन्हा वाचतो म्हणालेत.